कोणी न लावलेलं झाड

आमच्या घरात ‘आपल्याकडे’ या शब्दाचा अर्थ पक्का ठरलेला होता. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, दिल्लीच्या मंडईतलं वांगं चिरता चिरता आई म्हणायची, “आपल्याकडे वांग्याला चव असते.” हे ‘आपल्याकडे’ म्हणजे मराठवाड्यातलं तिचं गाव. लग्न होऊन दिल्लीला आल्याला पाव शतक उलटून गेलं होतं, पण शब्द काही जागचा हलला नव्हता. मी इथेच जन्मले, इथेच वाढले, त्यामुळे लहानपणी माझी समजूत अशी, की आपण जिथे राहत नाही त्या जागेला ‘आपल्याकडे’ म्हणतात. बाबा तिला चिडवायचे, “आपल्याकडे सूर्यसुद्धा जरा बरा उगवतो, नाही का?” आई चाकू न थांबवता म्हणायची, “बिल्कुल.”

गावच्या तिच्या गोष्टी बहुतेक उन्हाळ्याच्या दुपारच्या असत. आम्ही सगळी पोरं हिवराखाली बसायचो, हिवराखाली जेवायचो, आजोबा हिवराखालीच झोपायचे. हिवर म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नाही. ताप आला की आई म्हणायची, “अंगात हिव भरलंय,” तेव्हा हिवर म्हणजे काहीतरी थंड असणार, हे उघड होतं. पंख्याखाली बसावं तसं ते लोक हिवराखाली बसत असतील, एखादी गार खोली वगैरे असेल, असं मी ठरवून टाकलं. दिल्लीतल्या मराठी मुलांचं असंच असतं. घरची भाषा घरचीच असल्यामुळे तिच्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटत नाही, आणि शब्द एकेक करून गळून जातात.

दिल्लीतली एकच गोष्ट आईला आपली वाटायची, ती म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरची बाभूळ. मागच्या भिंतीपलीकडे मोकळी पडीक जागा होती, तिथे ती आपोआप उगवली होती. काटे होते, शेंगा होत्या, ऐन मे महिन्यात हिरवीगार असायची. फुलं मात्र बाभळीसारखी गोल न येता लांबुडकी यायची. आईने त्याचा दोष दिल्लीच्या पाण्याला दिला होता. केस गळणं, डाळ न शिजणं आणि माझा तापट स्वभाव हे सगळंही त्याच पाण्याच्या खात्यावर होतं.

एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी मला कळलं, की ती बाभूळ नाहीच. तो विलायती कीकर. इंग्रजांनी कधीकाळी समुद्रापलीकडून आणून दिल्लीच्या रिजवर, म्हणजे अरवलीच्या या शेवटच्या खडकाळ टेकडीवर पेरलेला, आणि मग कोणाच्याच हातात न राहिलेला. शहराच्या उत्तर टोकाला हिंदूरावच्या टेकडीपासून थेट आमच्या क्वार्टरमागच्या भिंतीपर्यंत त्याचंच राज्य होतं. एवढी ताजी माहिती पोटात ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं. रात्रीच्या जेवणात मी ती वाढली. हे झाड मूळचं इथलं नाही, त्याच्याखाली दुसरं काही नीट वाढत नाही, इथली झाडं त्याने हटवली, खरं तर ते उपटायला हवं.

आईने पोळी वाढली आणि विचारलं, “अच्छा. बाहेरून आलेलं म्हणून उपटायचं. मग आपल्याला कधी उपटताय?”

बाबांना हसून हसून ठसका लागला. मला राग आला. “झाडांचं माणसांना लावू नकोस आई,” मी म्हणाले, आणि आजही मी हेच म्हणेन. ही तुलना ऐकली की माझं डोकं फिरतं. माणूस बाहेरून येतो आणि शेजाऱ्याकडून विरजण मागून नेतो. कीकर शेजारीच ठेवत नाही. पण आईचा प्रश्न विनोदी असला तरी तिचा चेहरा विनोदी नव्हता. खिडकीतलं एक झाड तेवढं आपलं होतं, तेही लेकीने विलायती ठरवलं. तिने त्याला बाभूळ म्हणणं सोडलं नाही, पण नंतर चहाचा कप घेऊन ती खिडकीशी कमी उभी राहू लागली.

पीएच.डी.ला मी जो विषय घेतला, तो ऐकून बाबा म्हणाले, “यार, काहीतरी चारचौघांत सांगता येण्यासारखं घे.” माझा विषय होता नीलगायीची विष्ठा. रिजवर नीलगायी आहेत. त्या इथल्याच, शहर नव्हतं तेव्हापासूनच्या. कीकराच्या पिकलेल्या शेंगा गोड असतात, नीलगायी त्या आवडीने खातात, आणि बिया पोटातून सुखरूप बाहेर पडतात. म्हणजे आपलाच प्राणी परक्या झाडाची पेरणी करतोय. माझा प्रश्न एवढाच होता, की तो आपल्या झाडांचीही पेरणी करतो की नाही? उत्तर नाही असं आलं, तर रिजवरच्या जुन्या झाडांचं पुढे काही खरं नव्हतं.

पहिली नीलगाय मी पाहिली ती हिवाळ्यातल्या एका सकाळी. धुकं होतं, आणि पलीकडच्या रस्त्यावरून बसचे हॉर्न ऐकू येत होते. एक खडक हलला. मी डोळे चोळले, तर खडकाला कान फुटले. लोखंडी निळसर रंगाचा नर होता, घोड्याएवढा, गळ्याखाली केसांचा झुपका, आणि पाय इतके बारीक की एवढं अंग त्यांवर उभं कसं राहतं कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्यात पाहण्यासारखं काही नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो चरू लागला. माझ्या हातातली चाळणी खाली पडली. राजधानीचं शहर, मंत्रालयं, दूतावास, आणि त्यांच्या ऐन मध्ये हा प्राणी कोणाची परवानगी न घेता नाश्ता करत होता. मी त्या दिवशी काही काम केलं नाही, नुसती बसून राहिले.

नीलगायी वाटेल तिथे लेंड्या टाकत नाहीत. त्यांच्या जागा ठरलेल्या असतात; पुन्हा पुन्हा तिथेच येतात आणि हळूहळू ढीग होतो. या ढिगांतून मी नमुने गोळा करायचे, वाळवायचे, चाळायचे, बिया वेगळ्या करायचे आणि ट्रेमध्ये पेरायचे. विभागाच्या गच्चीवर ठेवलेले ट्रे माकडांनी उधळले, म्हणून सगळं बिऱ्हाड आमच्या बाल्कनीत आलं. नमुने आणायला मी श्रीखंडाचे रिकामे डबे वापरत असे. एका रविवारी बाबांनी मोठ्या आशेने एक डबा उघडला. त्यानंतर घरात श्रीखंड बरेच दिवस आलं नाही.

आईला मात्र किळस आली नाही. तिने एक लेंडी बोटांत धरून पाहिली. “शेळीच्या असतात तशाच आहेत. जरा मोठ्या.”

“नीलगायीच्या आहेत.”

“कसली गाय ही, जी लेंड्या टाकते?” असं म्हणून तिने ट्रेवर जुन्या साडीचा पडदा बांधून दिला. ऊन कडक होतं.

कीकराच्या बिया रुजल्या तेव्हा मी थक्क झाले, हे मला मान्य करायलाच हवं. मी त्या झाडाच्या विरोधात होते, पण असा जीव मी दुसरा पाहिला नव्हता. दातांखालून, पोटातल्या आम्लातून, उन्हातून, पाण्यातून गेलेलं ते एवढंसं बी, आणि दोन दिवसांत माती ढकलून वर. ट्रे भरून गेले. आपल्या झाडाचं मात्र एकही रोप नाही. मी रोज सकाळी दात घासत ट्रेसमोर उभी राहायचे आणि मनातल्या मनात त्या न रुजलेल्या बियांना शिव्या द्यायचे.

याच सुमाराला बाबांची निवृत्ती जवळ आली. त्या वर्षाच्या शेवटी क्वार्टर सोडायचं होतं. बाबांनी द्वारकेला छोटा फ्लॅट घेऊन ठेवला होता. माझं काम इथे, त्यांचे ब्रिजचे मित्र इथे, त्यांच्या मते प्रश्नच नव्हता. आईच्या मतेही प्रश्न नव्हता: गावचं घर होतं, आपण आता आपल्याकडे जायचं. इतकी वर्षं ती कोपर्निकस मार्गावरच्या हळदीकुंकवाला जाऊन सगळ्या मराठी बायकांना “आता थोडेच दिवस” असं सांगत आली होती. ते थोडे दिवस संपत आले आणि दोघांपैकी कोणीच मागे हटेना. बाबा तिच्याशिवाय इथे राहणार नव्हते, आणि गावी त्यांना करमलं नसतं. मी मधे पडले.

“इथे तुला नेमकं काय कमी आहे?” मी विचारलं.

आईने फार विचार केला नाही. “तुमच्या या दिल्लीत माझ्या ओळखीचं एक झाड दाखव. एक. मग राहीन मी.”

“एवढंच ना? कडुलिंब आहे, पिंपळ आहे.”

“ती सरकारने रांगेत लावलीत. कोणी न लावलेलं दाखव. आपलं आपण आलेलं. माझी बाभूळ होती, ती तूच खोटी ठरवलीस.”

मी पैज घेतल्यासारखी कामाला लागले. खरी बाभूळ मी तिला शोधून दाखवली, एका बागेत. पिवळी गोल फुलं, सगळं जसंच्या तसं. आईने तिच्या खोडाभोवतीचा विटांचा कठडा पाहिला आणि म्हणाली, “लावलेली आहे.” आणखी दोन-तीन झाडं अशीच नापास झाली. रिजवर तर सगळा कीकर, तिथे तिला नेऊन काय दाखवणार?

मे महिन्यात आई-बाबा गावी जाऊन आले, घर राहण्याजोगं आहे का ते बघायला. परत आल्यावर आई बॅग न उघडता स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

“हीच आहे तिकडे,” ती म्हणाली. “ओढ्यात हीच, गायरानात हीच, शाळेमागे हीच. वेडी बाभूळ म्हणतात तिला. बोरी गेल्या. हिवरसुद्धा राहिला नाही गं.”

मला वाटलं, आई हवामानाबद्दल बोलतेय. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, “हो आई, तापमान सगळीकडेच वाढतंय. पूर्वीसारखी थंडी आता कुठेच पडत नाही.” पुढे मी हवेतल्या कार्बनबद्दलही थोडं सांगितलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकीच्या घरात शिरून बोलतेय. मग ती कणीक मळायला लागली.

त्यानंतर तिने गावाचा विषय काढला नाही आणि दिल्लीचाही नाही. बाबांनी द्वारकेचं विचारलं तर म्हणायची, “चला कुठेही. मला काय.” एवढा हेका धरणारी बाई हे म्हणायला लागली, तेव्हा बाबा घाबरले. मीही घाबरले. भांडणारी आई मला झेपत होती, ही नाही. तिला आता परत जायला जागा उरली नव्हती आणि राहायलाही, आणि सगळं सामान मात्र बांधून ठेवावं लागणार होतं.

पावसाळ्यात मी रिजच्या आतल्या भागात एका जुन्या ढिगाशी पोचले, आणि तिथे गुडघ्यांवर बसले ती उठवेना. ढीग हिरवा झाला होता. कीकर होताच, पण त्याच्या मधूनमधून वेगळी, फिकट देठांची रोपं होती. पानं आणखी बारीक, काटे सरळ. रोंझ! इथला, मूळचा, ज्याचं एक रोप माझ्या ट्रेने मला दिलं नव्हतं. नीलगायीने त्याच्याही शेंगा खाल्ल्या होत्या, त्याचंही बी पेरलं होतं, फक्त ते बी माझ्या घाईत रुजणारं नव्हतं. त्याला एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा हवा होता. वर मान केली तर त्या रोपांचा बाप समोरच उभा, म्हातारा, कीकरांच्या गर्दीत एकटा. मी इतक्या मोठ्याने ओरडले की टेकडीवरचे मोर ओरडायला लागले.

घरी येऊन मी सांगितलं, “आई, रोंझ उगवलाय!” ती म्हणाली, “छान.” रोंझ हा शब्द मला रिजवरच्या चौकीदाराने शिकवला होता, आईला तो तितकाच परका होता जितकं त्याचं लॅटिन नाव.

नवरात्रात मला त्या रोपांची मोजमापं घ्यायची होती. रिजवर एकटीने जायचं नाही, असा माझ्या पीएच.डी.च्या गाईड मॅडमचा कडक नियम. नेहमी बाबा सोबत यायचे आणि दगडावर बसून पेपर वाचायचे, पण त्यांचा गुडघा धरला होता. आई म्हणाली, “मी येते. घरात बसून तरी काय करतेय?” तिने धपाटे बांधले, थर्मास घेतला, आणि काटे असतील म्हणून माझे जुने बूट साडीखाली घातले.

ऊन चांगलंच तापलं होतं. कीकरांमधून आई माझ्यामागून वाकून वाकून चालत होती. एका वळणावर तिने मला मागून ओढलं. पुढे, उतारावर, निळा नर उभा होता.

“अगं,” आई कुजबुजली, “हा तर रोही!”

“नीलगाय आहे.”

“काय मेली गाय-गाय लावलीयेस? रोही हा. आमच्या ज्वारीत शिरायचे. आजोबा डबा वाजवत धावायचे.” ती हसत होती. पावसाळाभर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. रोही आमच्याकडे बघत राहिला, मग सावकाश निघून गेला.

आणि मग आम्ही त्या मोकळ्या जागेत पोचलो. रोंझ फुलला होता. कीकरांच्या वर, सगळा माथा पिवळसर पांढरा, फुलांचे तुरे इतके दाट की झाडावर फेस आल्यासारखा. मधमाश्यांचा आवाज खालपर्यंत येत होता. खोड फिकट, उन्हात जवळजवळ पांढरं. आई थांबली. तिने थर्मास जमिनीवर ठेवला, पुढे गेली आणि खोडाला तळहात लावला.

“हिवर,” ती म्हणाली.

मी घामाने निथळत होते. उन्हात चालून हिला थंडी वाजून ताप भरला की काय, या भीतीने मी धावत जाऊन तिच्या कपाळाला हात लावला. “आई, बस खाली. हिव भरलंय का?”

तिने माझा हात झटकला. “हिव कसलं! हिवर गं. हे झाड. हिवराचं झाड हे.”

कितीतरी दिवस मी या झाडाची पानं मोजत होते, खोडाला फीत गुंडाळत होते, त्याचा एक कोंब दिसावा म्हणून देवाला नवस बोलायचाच बाकी होता, आणि जन्मल्यापासून त्याच्याच गोष्टी ऐकत होते. माझ्या डोक्यातली ती गार खोली नाहीशी झाली, आणि तिच्या जागी हे झाड आलं. त्याच्याखाली पोरं जेवायला बसली, आजोबा झोपले. मग ‘हिवरसुद्धा राहिला नाही’ हेही आठवलं, आणि त्यावर मी दिलेलं हवामानाचं व्याख्यान. मला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्ही बराच वेळ थांबेना.

“वेडीच आहेस,” आई म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. ती खोडाला पाठ टेकून बसली, बूट पुढे करून. सावली गार होती, अगदी नावासारखी. थोड्या वेळाने तिने विचारलं, “कोणी लावला हा?”

“कोणीच नाही.” मी तिला ढिगाजवळ नेलं आणि रोपं दाखवली. “हीसुद्धा कोणी लावली नाहीत. रोही शेंगा खातो आणि इथे येऊन पेरतो.”

आई खाली वाकून त्या बोटभर रोपांकडे पाहत राहिली. मीही पाहत राहिले. हा सगळा उद्योग आमच्या माहितीशिवाय चालू होता, शहराच्या ऐन पोटात, आम्ही त्याला कोणत्याही नावाने हाक मारली तरी आणि नाही मारली तरी. मला त्या क्षणी प्रबंध लिहायचा आहे हेच विसरायला झालं होतं. कीकर पुष्कळ होता. रोपं मूठभर होती. पण होती.

धपाटे आम्ही हिवराखाली खाल्ले. परतताना आई पैजेबद्दल काही बोलली नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी तिने गावी मावशीला फोन लावला. बाबा सोफ्यावर गुडघा शेकत होते, मी डब्यातले नमुने कागदावर पसरत होते. आधी मावशीच्या सुनेची, मग पावसाची चौकशी झाली.

“आणि ऐक ना,” आई म्हणाली, “आज हिवराखाली बसून जेवले. फुललाय नुसता.”

मावशीचा आवाज मोठा, आम्हाला खोलीभर ऐकू येतो. “कुठला हिवर? अगं, तो तर केव्हाच तोडला की!”

“तो तिकडचा,” आई म्हणाली. “मी आपल्याकडचा सांगतेय.”